मोकळं म्हणायचं राहिलंय

३ डिसेंबर

भाऊजी, नमस्कार.

'सप्रेम' लिहिलेलं नाही, ते विसरून नाही.

एक काम आहे म्हणून लिहितेय. यांच्या फोनवर रोज सकाळी तुमचं फूल येतं, ते बंद करा. यांना जाऊन दोन महिने होतील. तुम्ही आला होतात तेव्हा, दाराबाहेरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होतात, आत काही आला नाहीत. फूल सगळ्या ग्रुपला जातं हे मला कळतं. यांचं नाव काढून टाक म्हणून पोपटला सांगितलं, तर तो म्हणाला, "वहिनी, ते मुकादमांच्या हातात आहे." कारखान्याला कुलूप लागून इतकी वर्षं झाली तरी तुमची मुकादमकी काही सुटली नाही.

ज्याचं फूल आलं नाही त्याला फोन करायचा, म्हातारी माणसं आहोत, कोण कधी पडेल सांगता येत नाही, हा नियम तुमचाच. रोज फुलांची हजेरी लागते. यांचं फूल येत नाही तरी आता कोणी फोन करत नाही. बरोबरच आहे म्हणा.

फोन बंद का करून टाकत नाही, असं विचाराल. माहीत नाही. चार्जिंगला लावायची सवय लागलीय, लावते.

कागदावर लिहितेय कारण फोनवर लिहिलं तर तुम्ही वाचायच्या आधी पुढे पाठवाल. कागद पुढे पाठवायचा तर पाकीट आणा, तिकीट लावा, पेटीपर्यंत चालत जा. तेवढ्यात माणूस निदान वाचतो तरी.

मी बरी आहे. जेवते, झोपते. शिवणाचं काम येतं, कुणाची पँट आखूड करायची असते, कुणाच्या जॅकेटची चेन गेलेली असते. रडले नाहीये अजून. शेजारीण म्हणते, रडून घ्या, बरं वाटेल. म्हटलं, बघते, वेळ मिळाला की.

थोरलीची छाती कशी आहे? थंडी वाढतेय. कारखान्याच्या चाळीत तुमची बायको थोरली आणि मी धाकटी, रक्ताचं नातं नसताना. मला धाकटी म्हणणारी आता ती एकटीच उरली. तिला माझी आठवण सांगा.

— धाकटी


१४ डिसेंबर

भाऊजी, नमस्कार.

पत्र मिळालं. चार ओळींचं उत्तर आलं हेही खूप झालं. "मला आलं ते मी पुढे दिलं. काळजीपोटी दिलं. मनात वाईट नव्हतं."

मी तर फुलाबद्दल लिहिलं होतं हो. त्या संदेशाचं मी नावसुद्धा काढलं नव्हतं. तुम्हीच काढलंत. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही. आता काढलाच आहेत विषय, तर ऐका.

शाळेच्या हॉलमध्ये फ्लूची लस द्यायला आले होते. साठीच्या पुढच्यांनी यावं म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी लावली होती. दरवर्षी थंडीत यांचा खोकला कसा व्हायचा ते तुम्हाला माहीत आहे, भट्टीसमोर आयुष्य घालवलेली फुप्फुसं ती. मी मागे लागले तेव्हा कुठे आले. आले म्हणजे अगदी खुर्चीत बसले, बाही वर केली, नर्सने कापूस लावला. दंड ओला झाला होता. तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

तसले संदेश यांना काय कमी यायचे? कांद्याचा रस लावला की टक्कल जातं, उलटं चाललं की साखर उतरते. हे मला वाचून दाखवायचे आणि हसायचे. स्वतःच्या टकलावर हात फिरवून म्हणायचे, आण गं कांदा. हाही तसलाच होता. म्हाताऱ्या माणसांनी ही लस घेतली की रक्ताच्या गाठी होतात, हृदय बंद पडतं, डॉक्टर लोक लपवून ठेवतात, दहा जणांना पाठवा, दहा जीव वाचतील. कोणी लिहिलं, कुठे लिहिलं, पत्ता नाही. तोही वाचून हे हसलेच असते.

पण त्याच्या वर तुम्ही तुमच्या बोटांनी एक शब्द घातला होतात. मागे.

आता तुम्हाला मी भट्टी काय सांगणार. तरी लिहिते, म्हणजे तुम्हाला ते तुमच्या डोळ्यांनी वाचावं लागेल. भट्टीच्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. नळीच्या टोकाला तापलेल्या काचेचा लाल गोळा घेऊन माणसं इकडून तिकडे जात असतात. मुकादमाला काही दिसलं, नळी घसरतेय, गोळा तडकतोय, तर तो ओरडणार, "मागे!" ज्याने ऐकलं त्याने भिंतीला पाठ लावायची आणि मान वळवायच्या आधी पुढच्याला तसंच ओरडून द्यायचं. काय झालं, कुठे झालं, विचारायचं नाही. आधी पुढे द्यायचं, मग बघायचं. बघत बसलास तर पुढचा भाजतो. हे तुम्हीच शिकवलंत पोरांना, आणि त्यामुळे भट्टी नंबर दोनवर कोणी भाजून मेलं नाही. ते मी नाकारत नाही.

ही सवय अंगातून जाते होय? लग्नानंतर एकदा मी गरम पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून येताना गमतीने ओरडले, "मागे!" तर हे ताटासकट भिंतीला चिकटले. हसून हसून माझी पुरेवाट झाली होती.

तर हे उठले. उठता उठताच ते अंगठ्याने लाईनीतल्या पुढच्या लंबूला पाठवून दिलं, पुढे वाचलंही नाही. बाही खाली केली. नर्स म्हणाली, "काका, दोन मिनिटांचं काम आहे, बसा ना." हे म्हणाले, "मुकादमाचा आवाज आलाय." ती बिचारी माझ्याकडे बघायला लागली. मी बाजूच्याच खुर्चीत होते, माझा नंबर यांच्यानंतर. मीही उठले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ताप आला, मग छाती भरली, मग तो नाकातोंडावरचा मास्क. डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, "घेतली असती तर वाचलेच असते, असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत. पण बहुतेक इथवर आले नसते." बहुतेक. हा एक शब्द घेऊन मी घरी आले आणि तो कुठे ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही.

फूल अजून येतंय.

— धाकटी


२९ डिसेंबर

भाऊजी, नमस्कार.

या वेळी उत्तर नाही. नसू दे.

मी एक उद्योग केला. यांच्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं. शेजारणीच्या सुनेने टाइप करायला मदत केली. लिहिलं की मी घुम्याची बायको. तो लसीचा संदेश खोटा होता, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला नीट समजावून सांगितलंय, हात दुखतो, एखाद दिवस कणकण येते, बास. ज्यांनी घेतली नाही त्यांनी घ्या, थंडी आहे.

काय झालं असेल? पोपटने हात जोडलेले पाठवले. चष्म्याने लिहिलं, "वहिनी, काळजी घ्या, वेळ हेच औषध." लंबूने एक मेणबत्ती पाठवली. संपलं. बाई दुःखात आहे, बोलू दे तिला. पालथ्या घड्यावर पाणी. मग दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी फोन चार्जिंगला लावला आणि एका कोटाचं अस्तर उसवायला बसले.

उसवता उसवता आठवलं. ते तुमचं प्रकरण. आमच्या घरी पाहुणा आला की हे हटकून सांगायचे, एरवी तोंडातून शब्द नाही निघायचा, पण हे सांगायचेच. तुम्ही एकदा "मागे" ओरडलात, नळी सावरली गेली, आणि धोका टळला म्हणून "मोकळं" म्हणायच्या आधी तुमच्या पोटात कळ आली म्हणून तुम्ही पळालात. अख्खी लाईन भिंतीला पाठ लावून उभी. समोर काही नाही. सगळ्यांना दिसतंय की काही नाही. काच थंड होतेय, मालक आला, तो नाचायला लागला, "अरे कामाला लागा, गाढवांनो!" कोणी हललं नाही. ज्याने "मागे" म्हटलं त्यानेच "मोकळं" म्हणायचं, दुसऱ्या कोणाचं चालत नाही, मग तो मालक का असेना, आणि तेही एकेकाने पुढच्याला ओरडून द्यायचं. शेवटी तुम्ही पट्टा आवळत आलात, बघताय तर काय, सगळे भिंतीला. हे सांगताना यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं हसून.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला की मी कितीही लिहिलं तरी काय उपयोग. मी काय, डॉक्टर काय, आम्ही सगळे मालकाच्याच रांगेतले. "मोकळं" म्हणायचा हक्क एकाच माणसाला आहे, आणि तो माणूस रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतोय.

तर भाऊजी, म्हणा. माझं तेवढंच काम आहे. यांच्यासाठी आता म्हणून काही फायदा नाही. पण चष्म्याला साखर आहे, पोपटचं हृदय एकदा उघडून झालंय, आणि तुमच्या घरात थोरली आहे. दम्याची बाई. तिनेही तुमच्यामुळेच घेतलेली नाही ना? ती मला बोलली नाही, पण मला माहीत आहे. तीही भिंतीला पाठ लावून उभी आहे.

चूक कबूल करायला लागेल म्हणून थांबला असाल तर सांगते, मला तुमची माफी नको. ठेवायला जागा नाही माझ्याकडे. फक्त म्हणा.

— धाकटी


११ जानेवारी

भाऊजी, नमस्कार.

थोरलीचा फोन आला होता. तुम्हाला सांगून केला की न सांगता, ते मी विचारलं नाही. म्हणाली, माझी पत्रं तुम्ही वाचून गादीखाली ठेवता, आणि तुम्ही बाहेर गेलात की ती काढून वाचते. म्हणजे ही पत्रं मी दोघांना लिहीत होते तर. हरकत नाही, तिकीट एकच लागलं.

बोलताना तिला धाप लागत होती. एका वाक्यात दोनदा थांबली. मी म्हटलं, अगं बाई, जा आणि घेऊन ये. तर म्हणाली, "हे काही बोलत नाहीत. नको म्हणत नाहीत, घे म्हणत नाहीत. खिडकीत बसून असतात. भीती वाटते गं मला. तुझं खरं की त्यांचं खरं?" मी म्हटलं, माझं खरं. त्यावर म्हणाली, "मग तू घेतलीस का?"

मी तिकडच्या थंडीचं विचारायला लागले. ती पक्की आहे, लगेच ओळखलं. "तू आधी घे. तू घेतलीस की मी घेते. तुझ्याकडे येते, तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसते. पण आधी तू."

तर घ्या. सगळ्यांना घ्या घ्या म्हणून सांगत फिरणारी मी, मीच घेतलेली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान. हसा.

सुईची भीती नाही मला, सुईवरच घर चाललंय माझं. गाठी होतात, हृदय बंद पडतं, यावर माझा काडीचा विश्वास नाही. दवाखाना काही फार लांब नाही. दोनदा दारापर्यंत गेले. एकदा तर आत जाऊन बाकावर बसले, नाव पुकारलं आणि मी ते दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखी उठून बाहेर आले.

का, ते तुम्हालाच सांगते. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही, आणि तुमच्या मनाला लागेल म्हणून लपवावं इतकी काही मला तुमची कीव येत नाही.

मी घेतली आणि मला काही झालं नाही तर?

समजतंय का? आत्ता अजून एक चिमूटभर शंका शिल्लक आहे. असेलही त्या संदेशात काही. असेलही मुकादमाला काही दिसलेलं. हे खुर्चीतून उठले ते कशापासून तरी वाचायला उठले, आणि मग दुसऱ्याच कशाने तरी गेले, नशीब. एवढं धरून मी सकाळी उठते, दात घासते, मशीनवर बसते. मी सुई टोचून घेतली, अर्धा तास बसले, आणि काहीच झालं नाही, तर मग पक्कं झालं की समोर काही नव्हतं. रिकाम्या जागेला घाबरून हे मागे सरले, आणि गेले.

म्हणून नाही घेतली.

थोरलीने दोन आठवड्यांची मुदत दिलीय मला. म्हणाली, गाडीचं तिकीट काढून ठेवते. तुमची बायको मुकादम व्हायला हवी होती.

— धाकटी


२ फेब्रुवारी

भाऊजी, सप्रेम नमस्कार.

पेनातून आपोआप उतरलं. खोडत नाही.

थोरली तुमच्याकडे सुखरूप पोचली असेल. तिने तुम्हाला सगळं सांगितलंच असेल, पण तिला गोष्ट मधूनच सुरू करायची खोड आहे, म्हणून मी सांगते.

आम्ही सकाळी गेलो. वाटेत ती तीनदा कठड्यावर टेकली. मी म्हटलं, रिक्षा करू या, तर म्हणाली, "नको, चालत गेलं की परत फिरायला वेळ मिळतो." दोघी हसलो. घाबरलेल्या होतो दोघी, तिची भीती वेगळी, माझी वेगळी.

आत तीच नर्स, शाळेतली. तिने मला ओळखलं. "काकू, तुम्ही त्या दिवशी उठून गेला होतात ना? काका नाही आले?" म्हटलं, ते पुढे गेले. तिला कळायला एक क्षण लागला. मग तिने कापूस भिजवला. दंडाला गार लागलं आणि मला यांचा ओला दंड दिसला. बाही खाली करताना त्यांनी तो पुसलासुद्धा नव्हता, शर्टाला डाग पडला होता पाण्याचा, घरी येईपर्यंत वाळला.

मी डोळे उघडे ठेवले. टोचलं. एवढंसं. माझी सुई बोटात जाते तेव्हा जास्त लागतं.

मग थोरलीने घेतली. तुमची बायको सुई बघून शिव्या देते हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. नर्सही हसली.

अर्धा तास बसा म्हणाले. भिंतीला लावलेल्या खुर्च्या, समोर हात धुण्याचं चित्र, कोपऱ्यात बंद पडलेलं वजनाचं यंत्र. मी बसले आणि वाट बघायला लागले. खरं सांगते भाऊजी, देवाशप्पथ, मी वाट बघत होते. छातीत दुखू दे. डोळ्यांपुढे अंधारी येऊ दे. काहीतरी होऊ दे. थोरली माझा हात धरून बसली होती, तिला वाटलं मला धीर हवाय.

तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. यांचा फोन, तो मी बरोबर का नेला होता विचारू नका. थोरली म्हणाली, "बघ." मी म्हटलं, फूल असेल. ती म्हणाली, "बघ तर."

तुमचा आवाज होता.

आधी खोकलात. मग किती तरी वेळ नुसती घरघर, पंख्याची असेल. मग, "ऐका. 'मागे' मी म्हटलं होतं. आवाज माझा होता. समोर काही नव्हतं. मी न बघता ओरडलो." पुन्हा खोकलात. आणि मग तो तुमचा जुना, भट्टीवरचा, पोटातून येणारा, "मोकळंऽऽ!"

समोरचा एक म्हातारा दचकून उठला.

आम्ही दोघी फोनकडे बघत राहिलो. पोपटचा आला, "मोकळंऽऽ!" त्याला एवढा दम कुठून आला कोण जाणे. मग चष्म्याचा, फाटलेला, बारीक, "मोकळंऽऽ!"

आणि मग काही नाही.

मला कळेना. थोरलीला कळलं. म्हणाली, "चष्म्यानंतर घुम्या उभा राहायचा. लंबू थांबलाय." हो की. घुम्याकडून आल्याशिवाय लंबूने कधी पुढे दिलं नाही, मग आता तरी कसा देईल? कुठल्या तरी खोलीत तो म्हातारा फोन हातात धरून थांबला होता. मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती आणि लाईन तिथे अडली होती.

थोरलीने फोनवरचं ते बटण दाबून धरलं आणि माझ्या तोंडासमोर आणलं. म्हणाली, "दे."

मला काही तो आवाज येत नाही. मी काय भट्टीवर थोडीच उभी राहिले होते? पण दिला. जेवढा होता तेवढा दिला. माझा मलाच परका वाटला, दवाखान्याच्या भिंतींना लागून परत आला.

लंबूचा लगेच आला. लगेच.

नर्स आतून धावत आली. तिला वाटलं मला काही झालं. "काकू, काय होतंय? चक्कर येतेय? धाप लागतेय?" माझा हात घेऊन नाडी बघायला लागली. मी म्हटलं, काही नाही. ती ऐकेना, "नक्की? छातीत वगैरे?" मी म्हटलं, नाही गं. काही नाही झालं. काहीच झालं नाही.

आणि ते म्हटलं तेव्हा मला रडू आलं. पहिल्यांदा. ते थांबेना, भाऊजी. मी तोंडात पदर धरला तरी थांबेना. अर्धा तास संपला, आमच्या खुर्च्यांवर बसायला दुसरी माणसं येऊन उभी राहिली, तरी मी तशीच.

थोरली विचारत होती, "दुखतोय का गं हात?"

मी म्हटलं, हो.

— धाकटी